लेकीसाठी खोली

नाशिकच्या सिडकोतल्या त्या गल्लीत उज्वला राहायला आली, तेव्हा टेम्पोतून काय काय उतरतंय ते बघायला शेजारणींनी खिडक्या धरल्या होत्या. नऊ वर्षं मस्कतला राहून आलेलं कुटुंब. निदान एक दांडगा फ्रीज, दोन-चार गुबगुबीत ब्लँकेटं, एखादं काचेचं टेबल तरी दिसायला हवं होतं. उतरल्या दोन पेट्या, एक शिलाई मशीन, गॅसची शेगडी आणि सुतळीनं बांधलेल्या तीन चटया. गल्लीचा पार विरस झाला. मग बायकांनी आपापसात ठरवून टाकलं, की ही बाई आतल्या गाठीची आहे. तिच्याकडे माणशी एकच ताट आहे, पाहुणा आला तर शेजारून ताट मागून नेते, आंघोळीला अर्धी बादली घेते, यात त्यांना चिकटपणाच दिसला. तोंडावर मात्र म्हणायच्या, ताई, तुम्ही किती हो साध्या.

उज्वलाच्या कानावर हे सगळं येई आणि तिला ते लागतही असे. पण उत्तर द्यावं असं वाटत नसे. आपण साधं राहतो हे तिला जगात एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि ते सांगायला तिनं पाच वर्षं लावली. ते माणूस म्हणजे तिची आई, सिंधुबाई.

सिंधुबाईचं घर सटाण्याच्या पुढे, आरम नदीच्या अंगाला. चार खणांचं मातीचं घर, मागं कांदा साठवायची चाळ आणि एक शेळी. या घरात वस्तू फार नव्हत्या आणि ज्या होत्या त्यांना लवकर मरण नव्हतं. सिंधुबाईचं लुगडं विरलं की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की बाळंतिणीकडे दुपटी जात, दुपट्यांचं शेवटी पोतेरं होई. जेवण झालं की ताटं तिथल्या तिथं घासून पालथी. दर माणशी एक ताट, एक तांब्या, भिंतीला एक खुंटी. जास्त भांडी म्हणजे जास्त घासणं, असा तिचा साधा हिशेब होता. धाकट्या भावाला, गोरक्षला, याचं काही नव्हतं, पण उज्वलाला लाज वाटायची. सटाण्याच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी सोफे होते. आपल्या घरी कुणी आलं तर पोतं झटकून अंथरायचं, या एका गोष्टीचा तिनं मनातल्या मनात फार राग केला होता. लग्न होईल तेव्हा सगळ्यात आधी सोफा घ्यायचा, हे तिनं नववीतच ठरवलेलं.

लग्न झालं एक्याण्णव साली. नवरा दीपक. नाशिकला आयटीआय केलेला, फ्रीज आणि एसी दुरुस्त करणारा. अंबडला एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. माणूस कामाला चोख आणि स्वभावानं मानी. दोन वर्षांनी मोहिनी झाली. चौऱ्याण्णवला तो मस्कतला गेला, आणि शहाण्णवला कंपनीनं त्याला बढती आणि दोन खोल्यांचा फ्लॅट दिला, तेव्हा त्यानं बायको आणि मुलीला बोलावून घेतलं.

पहिली दोन वर्षं उज्वला हवेतच होती म्हणायची. सोफा आला. नुसता सोफा नाही, मरून रंगाचा, सोनेरी नक्षीच्या हातांचा, सात माणसं बसतील असा. गालिचा आला, उंच फ्रीज आला, सहा माणसांचा डिनर सेट आला. दर शुक्रवारी सुट्टी असे, आणि सुट्टी म्हणजे खरेदी. गरज काय, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारतच नव्हतं. पहिल्याच दिवाळीत दीपकच्या मित्रानं एक फोटो काढला. सोफ्यावर मधोमध उज्वला, शेजारी सूट घातलेला दीपक, मोहिनीच्या हातात तिच्याएवढी बाहुली, मागं फ्रीज. गावी पाठवलेला तो फोटो सिंधुबाईनं सटाण्याहून मढवून आणला आणि दारातून शिरताच दिसेल असा लावला. गावातल्या बायका तो बघायला येत. सिंधुबाई प्रत्येकीला फ्रीज बोटानं दाखवी.

अठ्ठ्याण्णवला दीपकची कंपनी बुडाली. मालक निघून गेला, फ्लॅट गेला, आणि दीपकला एका लहानशा दुकानात जेमतेम काम मिळालं. परतीचं बोलणं निघालं तेव्हा तो म्हणाला, कुठल्या तोंडानं जायचं? उज्वलाही तेच म्हणाली. हे तिनं पुढं कधी त्याच्या एकट्याच्या माथी मारलं नाही.

रुवी भागात एका जुन्या घरात त्यांना एक खोली मिळाली. दहा बाय दहा. दुसऱ्या खोलीत थ्रेस्याम्मा नावाची केरळची नर्स आणि तिचा नवरा. स्वयंपाकघर आणि न्हाणी दोघांत मिळून. सामान आणलं त्या दिवशी सोफा दारातून आत जाईना. दीपकनं तो उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला, मग रस्त्यावरच त्या सोफ्यावर बसून राहिला. उज्वला दारात उभी राहून रडली. शेवटी एक पठाण ड्रायव्हर येऊन तो ट्रकवर घालून घेऊन गेला. गालिचा, फ्रीज, डिनर सेट, सगळं महिन्याभरात गेलं.

पहिले सहा महिने भांडणाचे. तिघांचा पाय तिघांना लागे, पातेलं ठेवायला जागा नसे, आणि मोहिनी दर दोन दिवसांनी विचारी की आपण घरी कधी जायचं. मग एक दिवस थ्रेस्याम्मानं मोडक्यातोडक्या हिंदीत उज्वलाला विचारलं, की तीन माणसांना स्टीलची अकरा ताटं कशाला लागतात? उज्वलाला ते इतकं झोंबलं की ती दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तीन ताटं ठेवली, बाकीची देऊन टाकली. मग भिंतीला तीन खिळे ठोकले, माणशी एक. जेवण झालं की ताटं लगेच घासून पालथी. दीपकच्या जुन्या लुंग्या शिवून गोधडी केली. गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या. गोधडीला शेवटचा टाका घालताना तिच्या लक्षात आलं, की आपण हे काही नवं शिकत नाही आहोत. हे सगळं आईचं आहे. ज्या घराची लाज वाटत होती तेच घर आपण समुद्रापलीकडे जसंच्या तसं मांडलंय.

आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत ती सुखात होती. दीपक संध्याकाळी लवकर घरी येई. तिघं एका मोठ्या ताटात जेवत, कारण मोहिनीला तसंच आवडायला लागलं होतं. शुक्रवारी दुकानांऐवजी मत्रह बंदराच्या धक्क्यावर चालत जात आणि बोटी बघत. दीपक पूर्वी घरात दोन शब्द बोलत नसे, तो आता मोहिनीला पेटी पालथी घालून तिच्यावर गणितं शिकवी. हे आईला सांगायचं, असं उज्वला रोज घोकायची. माय, तू जसं करायचीस तसंच मी करते गं, माझी तीनच ताटं आहेत. एवढंच वाक्य होतं. आईला त्यानं केवढा आनंद झाला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण दर शुक्रवारी फोनच्या बूथमध्ये उभी राहिली की ते वाक्य राहूनच जाई. पलीकडून आधी आई विचारी, फ्रीज चालतोय ना? त्यावर काय सांगायचं? सोफा विकला असं सांगितलं तर त्यामागचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि दीपकनं हात जोडून सांगितलं होतं की एवढं करू नकोस, एखादी चांगली नोकरी लागू दे, मग सांग. शिवाय तो फोटो होताच. फोटो खोटा नव्हता, नुसता जुना झाला होता. उज्वला स्वतःची अशी समजूत घालायची. आणि गावात आपलं नाव निघतं हे तिला कुठंतरी आवडतही होतं, ही गोष्ट तिनं फार उशिरा स्वतःशी कबूल केली.

दोन हजार साली आखाजीला ती मोहिनीला घेऊन माहेरी आली. बागलाणात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तो लेकींचा सण. सासरी नांदणाऱ्या लेकीला न्यायला माहेरचा मुराळी येतो, बहुतेक भाऊच. मुराळी आल्याशिवाय लेक आपली आपण निघत नाही. तसं आलं तर चार लोक विचारतात, की बाई, तुला कुणी बोलावलं नव्हतं का? आता मुराळी समुद्र ओलांडून कसा जाणार? म्हणून सिंधुबाईनं तोडगा काढला होता. मुराळी गोरक्ष मुंबईच्या विमानतळावर उभा राहील. तो खरंच नवा सदरा आणि टोपी घालून उभा होता. नाशिक, ओझर, चांदवड, देवळा, सगळ्या रस्ताभर तो बहिणीला मस्कतबद्दल विचारत होता आणि ती बाहेर बघत होती.

घरी पोचल्यावर उज्वला चक्रावून गेली. दारात भाड्यानं आणलेला कूलर. दोन नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या. कोनाड्यात बाटलीबंद पाणी. फडक्यात बांधलेला सटाण्याचा पाव. चार वर्षं जिला बाजरीच्या भाकरीची आणि ठेच्याची स्वप्नं पडत होती, तिच्यापुढं आईनं पाव आणि विकतचा जाम ठेवला. उज्वला सवयीनं जमिनीवर बसायला गेली, तर सिंधुबाईनं तिचा दंड धरला.

“भुईवर नको बठू माय, खुर्ची शे ना.”

उज्वला खुर्चीवर बसली. आई समोर जमिनीवर बसली. पाच दिवस हे असंच चाललं. मोहिनी उज्वलाच्या ताटात जेवायला लागली तर आजीला वाईट वाटलं, नातीला वेगळं ताट दिलं नाही असं होईल म्हणून तिनं शेजारून स्टीलचं ताट आणलं. पलंग लेकीला दिला आणि आपण ओट्यावर झोपली. उज्वलाला आईच्या कुशीत निजायचं होतं. ते मागणंसुद्धा तिला तोंडानं करता आलं नाही, कारण आई तिच्याशी पाहुण्यासारखी वागत होती आणि पाहुण्यानं कसं मागायचं?

एका दुपारी दोघी चाळीत कांदा निवडायला बसल्या. तिथं खुर्ची नव्हती. सडका बाजूला, चांगला बाजूला, दोघींचे हात एका लयीत चालले होते. अचानक सिंधुबाई थांबली. तिनं लेकीचा हात हातात घेतला, उलटा केला आणि अंगठ्यानं तळवा चोळून पाहिला. तो हात धुण्याभांड्यांचा होता. सिंधुबाईला असे हात ओळखू येत होते, तिचे स्वतःचे तसेच होते.

“तुना हात असा खडबडीत कसा व्हयना?”

सांगायचं ते वाक्य ओठांवर आलं होतं. चाळीत दुसरं कुणी नव्हतं. आईनं अर्धं अधिक ओळखलंच होतं, नुसतं हो म्हणायचं होतं. पण ओट्यावर कारभारी, उज्वलाचे वडील, कुणा पाहुण्याला जावयाच्या कंपनीचं सांगत बसले होते आणि तो आवाज चाळीपर्यंत येत होता.

“तठलं पानी खारं शे माय,” उज्वला म्हणाली.

सिंधुबाईनं हात सोडला आणि पुन्हा कांदा निवडायला लागली. निवडता निवडता ती म्हणाली, की पोरी, तुझे हाल होतात इथं. आता मी तुझ्यासाठी एक पक्की खोली बांधते. वर स्लॅब, खाली फरशी, आतच संडास-बाथरूम, तुमच्याकडे असतो तसा खुर्चीसारखा बसायचा. मग तू महिनाभर राहशील. उज्वला म्हणाली, नको गं आई, कशाला. लेक संकोचानं नको म्हणते असं सिंधुबाईनं धरलं. नाहीतर काय धरणार बिचारी.

पुढच्या वर्षापासून आखाजी जवळ आली की उज्वला फोनवर वाट बघायची. आई एकदा ‘ये’ म्हणाली की निघायचं, असं तिनं ठरवलेलं. तिकिटासाठी दीपक रात्रपाळी करायला तयार होता. पण सिंधुबाई ‘ये’ म्हणत नसे. ती पाया खणला म्हणून सांगे, जोत्यापर्यंत आलं म्हणून सांगे, विटा चांगल्या मिळत नाहीत म्हणून सांगे.

“खोली व्हऊ दे,” ती म्हणे. “मंग मुराळी धाडसू.”

दोन आखाज्या अशा गेल्या. पावसाळ्यात आईचा आवाज फोनवर बारीक यायला लागला. उज्वलानं विचारलं, मी येऊन जाऊ का? सिंधुबाई घाईघाईनं म्हणाली, आता नको, भिंती उघड्या आहेत, चिखल आहे, पोरीला डास चावतील. बोलावल्याशिवाय कसं जायचं, असं उज्वलानं मनाला सांगितलं. वीस गावं ओलांडून जाणाऱ्या सासुरवाशिणीचा नियम तिनं समुद्रापलीकडून पाळला, आणि तोही कशासाठी, तर खोटं उघडं पडायचा दिवस लांबावा म्हणून. ती चूक तिची होती आणि तिची एकटीची होती.

दोन हजार तीनच्या जानेवारीत गोरक्षचा फोन आला. तो रडत होता, त्याच्याकडून काही नीट कळेना. शेवटी त्याच्या बायकोनं, सवितानं, फोन घेतला आणि म्हणाली, ताई, बोलावण्याची वाट बघू नका.

विमानतळावर या वेळी कुणी उभं नव्हतं. उज्वला मोहिनीला घेऊन नाशिकला आली, तिथून सटाण्याची एसटी धरली आणि सकाळी दहाच्या सुमारास गावात उतरली. घराशेजारी उघड्या विटांचं काहीतरी उभं होतं, त्याला वर स्लॅब होती. सविता सामोरी आली आणि दारातच, हळू आवाजात, तिनं सगळं सांगितलं. सासूबाईंच्या छातीत गाठ होती. दीड वर्षापासून त्यांना माहीत होतं, पण त्या बोलल्या नाहीत. सटाण्याच्या डॉक्टरांनी नाशिकला न्या म्हणून चिठ्ठी दिली, तेव्हा त्या म्हणाल्या, आधी भिंती होऊ द्या, नाशिकला एकदा गेले की इथलं काम कोण बघेल? भिंती झाल्या, तर म्हणाल्या, स्लॅब पडू द्या. स्लॅब पडली त्या दिवशी त्यांनी स्वतः गवंड्यांना गूळ वाटला. मग नाशिकला नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. ताईला सांगू नका, अशी त्यांनी आम्हाला शपथ घातली होती. अशा घरात तिला बोलावून बसवायचं कुठं, असं म्हणायच्या.

सिंधुबाई पलंगावर होती. पलंगावर ती एवढीशी दिसत होती. उज्वलानं पिशवी टाकली आणि जमिनीवर, पलंगाच्या काठाला टेकून बसली. आईनं डोळे उघडले, लेकीला ओळखलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर हात उचलून भिंतीजवळची खुर्ची दाखवली.

उज्वला उठली नाही. पाच वर्षं घोकलेलं ते सगळं तिनं बोलून टाकलं. मध्ये थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं.

“माय, आमनी तठे एकच खोली शे. सोफा नई, फ्रीज नई, सगळं इकी टाकं. आम्ही तिन्ही जन एक ताटमा जेवतस, भुईवर निजतस. तुना घरसारखंच मन्हं घर शे, माय. मले काहीच नको व्हतं.”

सिंधुबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हसू आलं, लहान मूल काही लबाडी करताना सापडलं की येतं तसं. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

“खोली पुरी व्हयनी नई,” ती म्हणाली, “म्हनीसन मन्हं मन राखाकरता सांगी रायनी तू. पहिलेपासून अशीच शे तू.”

उज्वलानं शपथ घेतली, मोहिनीची शपथ घेतली. पुन्हा पुन्हा सांगितलं. जेवढं सांगावं तेवढी आईची नजर मऊ होत गेली. केवढी गुणाची पोर, एवढी मोठी होऊनही आईला कमीपणा वाटू नये म्हणून काय काय बोलते. समोर भिंतीवर फोटो होता. मरून सोफा, उंच फ्रीज, बाहुली. त्या फोटोपुढं उज्वलाचं बोलणं टिकणारच नव्हतं. तिनं आपला तळवा आईच्या हातात दिला, तो खडबडीत तळवा. पण सिंधुबाईच्या अंगठ्यात आता चोळून बघायचीही ताकद नव्हती. “तठलं पानी खारं शे,” ती पुटपुटली, आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दिवस पार पडले. मावश्या, आत्या, गावातल्या बायका येऊन बसत, फोटोकडे बघत आणि म्हणत, की लेकीचं सगळं डोळ्यांनी बघून गेली, भाग्याची. उज्वलानं एकदोघींना सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सविताला म्हणाल्या, तिला पाणी दे गं, दुःखानं भ्रमल्यासारखं बोलते.

दहाव्यानंतरच्या सकाळी कारभारी त्या नव्या खोलीत उभे होते. उज्वला आणि मोहिनी त्यांच्यामागोमाग आत गेल्या. भिंतींना गिलावा नव्हता, खिडकीच्या जागी नुसतं भोक. कोपऱ्यात संडासाचं पांढरं भांडं आणून ठेवलेलं, फुटू नये म्हणून सिंधुबाईनं त्यात स्वतःच्या हातानं भुसा भरलेला आणि वर आपलं जुनं लुगडं गुंडाळलेलं. ते लुगडं अजून धड होतं. त्याची गोधडी व्हायला अजून चार-सहा वर्षं होती. उज्वलाला ते बघवेना.

मोहिनीनं खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं टाकली. मग दुसऱ्या बाजूनं टाकली. ती नऊ वर्षांची होती आणि गणितात हुशार होती.

“आजोबा,” ती म्हणाली, “ही खोली आमच्या मस्कतच्या घरापेक्षा मोठी आहे.”

कारभारींनी नातीकडे पाहिलं. दहा दिवस लेकीचं बोलणं त्यांच्याही कानावर पडत होतं आणि त्यांनीही ते दुःखातलं म्हणून सोडून दिलं होतं. आता ते खाली वाकले आणि मोहिनीला विचारू लागले. मोहिनीनं सांगितलं. पेटी पालथी घालून अभ्यास, तीन खिळे, थ्रेस्याम्मा आंटी, एक ताट. पोर खोटं कशाला बोलेल? कारभारींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आणि त्याच वेळी उज्वलाच्या मनात आलं, की मी एकटीच का बोलत बसले? मोहिनी बाहेर ओट्यावरच तर होती. तिला हाताला धरून पलंगाशी उभी केली असती तर आईनं ऐकलं असतं. हे तिच्या तेव्हा मनातच आलं नाही.

म्हातारा सरळ झाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“मंग तू तिले आधी का बरं नई सांगं?”

मोहिनी त्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. बाहेर सविता चहाला बोलावत होती.

उज्वला पुढं दोन वर्षांनी दीपकला घेऊन कायमची परत आली, आणि सिडकोत तिनं आईचं घर पुन्हा एकदा मांडलं. आता ती कुणापासून काही लपवत नाही. आखाजीला गोरक्ष मुराळी म्हणून दर वर्षी येतो, ती त्याच्याबरोबर जाते, जमिनीवर बसते आणि भाकरी खाते. फोटो तिनं परत आली त्याच वर्षी स्वतः उतरवला. खोली मात्र पुरी झाली नाही. सिंधुबाई गेली त्या उन्हाळ्यात चाळीत मावला नाही तो कांदा कारभारींनी त्या खोलीत टाकला, आणि अजूनही टाकतात.